आधी कोणता जॉब लावायचा?

प्रश्न: वाळूजला माझी एकच सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी) आहे अन् तीन जॉब पडलेत. ६ तासांचा ६ तासांत पाहिजे, २ तासांचा ७ तासांत, ३ तासांचा ९ तासांत. आधी कोणता लावू?

उत्तर: भाऊ, ज्याची डेडलाईन आधी तो आधी लावला तर पहिला टायमावर, बाकीचे दोन लेट पण एक अन् दोनच तास, हा जॅक्सन नावाच्या संशोधकाचा १९५५ चा नियम, यानं सगळ्यात मोठा उशीर कमीत कमी राहतो. मोठा जॉब शेवटी टाकला तर दोन वेळेवर जातात, तो एकटा ५ तास लेट. म्हणून पार्टी दंड तासावर लावते का जॉबवर, ते आधी बघा. अन् सेटिंगचा, टूल बदलायचा टाइम यात धरलाच नाही (सगळे तिथंच फसतात). मोठा मागं टाकणार असाल तर त्या पार्टीला आत्ताच फोन करा.