टेस्टला "नको" म्हणणाऱ्यांशी बोलताना

प्रिय,

तू लिहिलंस की कर्णबधिर जोडप्याने बहिरेपणाचं कारण शोधणारी जेनेटिक टेस्ट नको म्हटलं आणि तुला वाटलं आपणच समजावण्यात कमी पडलो. असेलच असं नाही. कधीकधी लोकांना सगळं नीट कळलेलं असतं आणि म्हणूनच ते नको म्हणतात.

त्यांच्या मनात काय असतं ते बघ. १९३३ साली नाझी जर्मनीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याच्या यादीत आनुवंशिक बहिरेपणा सरळ नाव घेऊन लिहिलेला होता. हे कर्णबधिर लोक विसरलेले नाहीत, आणि का विसरावं? १९९८ मध्ये ब्रिटनमधला एक सर्व्हे छापून आला, एका परिषदेला आलेल्या ८७ कर्णबधिरांचा, त्यात ५५ टक्के लोक म्हणाले की या टेस्टने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होईल. याला अडाणीपणा म्हणू नकोस.

माझी एक चूक सांगते. नवरा-बायको दोघंही कर्णबधिर, पण दोघांची कारणं वेगवेगळ्या जीन्समधली, दोन्ही रिसेसिव्ह (आईबाप दोघांकडूनही त्याच जीनमधला बदल आला तरच बहिरेपणा येतो), म्हणजे मुलांना ऐकू येण्याची शक्यता खूपच जास्त. मी हसत हसत "गुड न्यूज आहे" म्हणून मोकळी झाले. नवऱ्याने इंटरप्रिटरकडून विचारलं, आमच्यासारखी मुलं होणार असती तर काय म्हणाला असतात? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रिपोर्ट सांगताना चांगलं-वाईट हे शब्द मी वापरतच नाही.

ऐकू येणारे आईबाप मात्र वेगळंच ओझं घेऊन येतात, "आमच्या घराण्यात तर कुणीच नाही हो", आणि आई प्रेग्नन्सीतलं एकेक आठवून स्वतःला दोष देत बसलेली असते. तिला सांग की जीजेबी२ सारख्या जीनमधला एकेक बदल दोघांकडेही गुपचूप असू शकतो, दोघांनाही नीट ऐकू येतं, आणि तरी प्रत्येक वेळी मूल कर्णबधिर असण्याची २५ टक्के शक्यता असते. इथे तोच रिपोर्ट जीवाला केवढा दिलासा देतो, मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट, नको म्हणणाऱ्यालाही ही पुढची माहिती द्यायचीच, दडवायची नाही. अशर सिंड्रोम या आनुवंशिक बहिरेपणाच्या प्रकारात पुढे नजरही जाते, साइन लँग्वेजवर जगणाऱ्याला हे आधी कळणं फार मोलाचं आहे. जर्वेल-लांग-नील्सन या दुसऱ्या प्रकारात हृदयाचे ठोके अचानक बिघडतात, त्यासाठी साधा ईसीजी तर काढायलाच सांग. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएमधला, फक्त आईकडून येणारा १५५५ क्रमांकाच्या जागेवरचा बदल असला तर जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकने कान जाऊ शकतात, मग ते औषध आईकडच्या सगळ्या नातेवाईकांनी टाळायला हवं. एवढं सांगूनही नको म्हणाले तर फाइलमध्ये "नको" लिही, "समजले नाही" असं लिहू नकोस.

रिपोर्टमध्ये काहीच सापडलं नाही तरी "आनुवंशिक नाही" असं बोलून जाऊ नकोस, सगळे जीन्स अजून माहीत झालेले नाहीत.

पुढच्या भेटीला इंटरप्रिटर आधीच बुक कर, घरच्या कुणाला त्या कामाला बसवू नकोस, आणि बोलताना इंटरप्रिटरकडे नाही, त्या दोघांकडे बघ.

तुझी,
मॅडम