एसटीआयनंतर येणारा ‘डबल फॉल्ट’ बहुतेक टायमरच असतो

तुमची अडचण अशी: ३२-बिट प्रोटेक्टेड मोडमधला छोटा कर्नल आहे, आयडीटी (कुठल्या व्हेक्टरला, म्हणजे इंटरप्टच्या क्रमांकाला, कुठला हँडलर हे सांगणारा तक्ता) भरली आहे, मुद्दाम शून्याने भागून एक्सेप्शनचा हँडलर तपासला आहे आणि तो नीट चालतो. पण एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) केलं की त्याच क्षणी डबल फॉल्ट (एक एक्सेप्शन हाताळताना दुसरं आलं की येणारं एक्सेप्शन) येतो. एसटीआय काढलं की सगळं शांत. कसंबसं त्यातून पुढे गेलात, तर कीबोर्डची पहिली कळ तेवढी कळते, नंतरच्या कळतच नाहीत.

कोड बदलण्याआधी एक साधा प्रयोग करा. एसटीआयच्या आधी पोर्ट २१ आणि पोर्ट ए१ या दोन्हींवर एफएफ लिहा. (पोर्ट आणि त्यांवर लिहायचे बाइट मी सगळीकडे हेक्समध्ये देतोय, व्हेक्टर मात्र दशमानात.) याने दोन्ही ८२५९ पीआयसीच्या (उपकरणांचे इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या चिपच्या) सगळ्या लाइन मास्क, म्हणजे बंद होतात. आता एसटीआय करूनही फॉल्ट आला नाही, तर तो मुळात डबल फॉल्ट नव्हताच. तो आयआरक्यू ० (पीआयसीची पहिली इंटरप्ट लाइन), म्हणजे टायमर होता.

असं होतं कारण बायोस पहिल्या पीआयसीला ८ ते १५ हे व्हेक्टर देऊन ठेवतो. इंटेलने ० ते ३१ व्हेक्टर प्रोसेसरसाठी राखून ठेवले होते, तरी १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये हेच ८ ते १५ वापरले गेले आणि ते आजवर तसेच चालत आले. प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट. टायमर बूटपासून सेकंदाला साधारण १८.२ वेळा ठोका देत असतो, त्यामुळे तुम्ही एसटीआय करता तेव्हा एक ठोका दाराशी उभाच असतो. प्रोसेसरला पीआयसीकडून फक्त आकडा मिळतो. ८ आला की तो आयडीटीतली आठवी नोंद उघडतो, मग तो कोणीही पाठवलेला असो.

याची खात्रीची खूण तुमच्या रजिस्टर डंपमध्येच मिळेल. खरा डबल फॉल्ट स्टॅकवर एरर कोड ठेवतो आणि तो नेहमी ० असतो. टायमरचा इंटरप्ट एरर कोड ठेवत नाही. तुमचा हँडलर मात्र तो आहे असं धरून वाचतो, म्हणून सगळं एका घराने सरकतं: ‘एरर कोड’च्या जागी कर्नलमधल्याच एखाद्या ओळीचा पत्ता दिसतो आणि ईआयपीच्या (पुढच्या सूचनेच्या पत्त्याच्या) जागी ८, म्हणजे तुमचा कोड सिलेक्टर (बहुतेक छोट्या कर्नलांत तो ८ असतो). असा डंप दिसला की दुसरीकडे शोधू नका.

उपाय म्हणजे पीआयसी रीमॅप करणं, म्हणजे त्याला नवे व्हेक्टर देणं. पोर्ट २० आणि ए० वर ११ लिहा. मग २१ वर २० आणि ए१ वर २८, म्हणजे व्हेक्टर ३२ आणि ४० पासून पुढे. मग २१ वर ४ आणि ए१ वर २. शेवटी दोन्हींवर १. तिसऱ्या पायरीवर पुष्कळ जण चुकतात, कारण तिथे दोन्ही चिपची भाषा वेगळी आहे: मास्टरला (पहिल्या पीआयसीला) ‘कुठल्या लाइनवर स्लेव्ह (दुसरा पीआयसी) आहे’ हे बिटने सांगायचं (शून्यापासून मोजून दुसरा बिट, म्हणून ४), तर स्लेव्हला स्वतःचा नंबर सरळ आकड्यात (२). दोन्हीकडे एकच आकडा लिहिला तर स्लेव्हकडचे इंटरप्ट नीट पोचत नाहीत. शिवाय पहिला ११ लिहिताच जुना मास्क पुसला जातो, तेव्हा शेवटी तो स्वतः लिहा. सुरुवातीला २१ वर एफसी आणि ए१ वर एफएफ, म्हणजे फक्त टायमर आणि कीबोर्ड चालू. पुढे माउससाठी आयआरक्यू १२ हवा असेल तर मास्टरची लाइन २ सुद्धा उघडावी लागते, हे लक्षात असू द्या.

आता कीबोर्ड. तिथे दोघांना उत्तर द्यायचं असतं. पीआयसीला ईओआय (इंटरप्ट हाताळून झाल्याची खूण), म्हणजे पोर्ट २० वर २०. आणि कीबोर्ड कंट्रोलरला, म्हणजे पोर्ट ६० मधला बाइट वाचून घेणं. बाइट वाचला नाही तर कंट्रोलर पुढचा इंटरप्ट देत नाही. ईओआय दिला नाही तर पीआयसी अडवून धरतो. एकच कळ कळते तेव्हा या दोनांपैकी एक राहिलेलं असतं. आयआरक्यू ८ ते १५ साठी ईओआय ए० आणि २० दोन्हींवर द्या. आणि एक्सेप्शनला ईओआय कधीच देऊ नका. सगळ्या व्हेक्टरना एकच सामाईक हँडलर असेल तर तिथे आकडा तपासूनच ईओआय द्या.

ईओआयची जागासुद्धा महत्त्वाची आहे. माझ्या पहिल्या शेड्युलरमध्ये मी टायमर हँडलरच्या आतूनच दुसऱ्या टास्कवर उडी मारत होतो आणि ईओआय हँडलरच्या अगदी शेवटी होता. नवं टास्क पहिल्यांदा सुरू होताना हँडलरच्या शेवटाकडे येतच नाही, ते थेट स्वतःच्या फंक्शनमध्ये जातं. म्हणजे ईओआय गेलाच नाही, आणि टायमर कायमचा गप्प. मी तीन रात्री शेड्युलरच्या यादीत चूक शोधत बसलो होतो, आणि यादी बरोबरच होती. ईओआय टास्क बदलण्याआधी द्या. आणि नव्या टास्कच्या फ्लॅग्जमध्ये इंटरप्टचा बिट चालू आहे ना, तेही बघा. नाहीतर लक्षण अगदी हेच दिसतं आणि कारण मात्र दुसरं असतं.

कधीतरी आयआरक्यू ७ उगाच आलेला दिसेल. पोर्ट २० वर ०बी लिहून तोच पोर्ट वाचा. सातवा बिट ० असेल तर तो खोटा इंटरप्ट आहे, ईओआय न देता परत जा. आयआरक्यू १५ बाबत हीच तपासणी ए० वर करायची, पण तो खोटा निघाला तरी मास्टरला ईओआय द्यावाच लागतो.

क्येमूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) केव्हीएम (प्रोसेसरची थेट मदत घेण्याची सोय) न लावता ‘-डी इंट’ आणि ‘-नो-रीबूट’ हे पर्याय देऊन चालवा. प्रत्येक इंटरप्टचा व्हेक्टर लॉगमध्ये येतो. आधी फक्त टायमर उघडा आणि हँडलरमध्ये एक आकडा वाढवत राहा. तो दर सेकंदाला अठरा-एकोणीसने वाढताना दिसला की मगच कीबोर्डची लाइन उघडा. तरीही आठवा व्हेक्टर दिसला, तर त्या ठिकाणचा लॉग आणि असेंब्लीतला हँडलरचा स्टब (हँडलरला बोलावणारा छोटा तुकडा) दोन्ही दाखवा, बघू.