नडगी दुखतेय, आधी ते पळणं थांबवा

(एका वडिलांचं पत्र: मुलगी अकरावीत आहे, शाळेपासून खो-खो खेळते. स्टॅमिना वाढावा म्हणून दोन महिने तिला रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळवतो, संध्याकाळी संघाचा सराव असतो. नडगी दुखते म्हणते, पण सवय होईल. खेळाडू कोट्यातून नोकरी मिळण्यासाठी पळणं आणखी किती वाढवू?)

नमस्कार,
दोन पानी पत्रात मुलीचं दुखणं एका ओळीत उरकलंय, आणि मला तीच ओळ सलतेय. वाढवायचं राहू द्या, उद्यापासून पळणं बंद करा.

आज तिच्या आईला नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने खालून वर दाबत जायला सांगा. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा अतिताण आहे. पण बोटाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नका. पाळी वेळेवर येते का, हेही आईने विचारावं. सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं की पाळी लांबते, हाडं कमजोर होतात. सवय नव्या चपलेची होते, हाडाच्या दुखण्याची होत नाही.

‘स्टॅमिना वाढला की खेळ वाढतो’ हा समज मात्र डोक्यातून काढाच. दम, वेग, ताकद, लवचिकता, चपळता या वेगवेगळ्या क्षमता आहेत. शाळेच्या चाचण्यांतही 600 मीटर धावण्यात दम कळतो, 50 मीटरमध्ये वेग आणि 4×10 मीटर शटलमध्ये (दोन रेषांमध्ये झटपट ये-जा) चपळता. खो-खोत पळती (बचाव करणारी खेळाडू) एकेरी साखळी खेळते, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळते, खांबाजवळ हुलकावणी देते, दोन पावलांत दिशा बदलते. सरळ रस्त्यावर एका लयीत पाच किलोमीटर पळून यातलं काय येणार? शिवाय शरीर सुधारतं ते सरावानंतरच्या विश्रांतीत, आणि तुमच्या वेळापत्रकात तीच नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आठवड्यातून तीनच दिवस, मातीवर, संघाचा सराव नसेल तेव्हा: पंधरा मिनिटं वॉर्म-अप, 20 मीटरच्या सहा जोरदार धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं चालणं, मग तीन-चार शटल. वेळ वहीत लिहा. वेळ घसरायला लागली की त्या दिवसापुरतं थांबा. दमलेल्या पायांनी वेग वाढत नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

नोकरीचं म्हणाल तर राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच राखीव) आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांवर मिळतं. क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी); त्याच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, मैदानी चाचणीही असते, तिथेही दुखावलेला पाय चालणार नाही.

तिला स्वतःला काय करायचंय, हे पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.