डिमेन्शिया केंद्रातली थेरप्युटिक रिक्रिएशनची इंटर्नशिप: नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही विचारलंय की एम.ए. मानसशास्त्र करताना पुण्यातल्या एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) डे-केअरमध्ये थेरप्युटिक रिक्रिएशनची, म्हणजे खेळ, गाणी, रोजची कामं यांचा उपचार म्हणून वापर करण्याची, इंटर्नशिप मिळाली आहे, घरचे "म्हाताऱ्यांना खेळवायला एवढं शिकलीस का" म्हणतात, तर तिथे नेमकं करायचं काय? आणि हे तास पुढे अमेरिकेत धरतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. बहुतेक नाही. तिकडे प्रमाणपत्र देणारी एनसीटीआरसी किमान सलग १४ आठवडे आणि किमान ५६० तास मागते. शिवाय देखरेख करणारी व्यक्ती स्वतः सीटीआरएस, म्हणजे त्यांचंच प्रमाणपत्र मिळवलेली असावी लागते. पुण्यात तुमच्या मॅडम बहुधा मानसशास्त्र, समाजकार्य नाहीतर ऑक्युपेशनल थेरपीतल्या असतील. शिकवतील उत्तम, पण तो शिक्का त्यांच्याकडे नसेल. आपल्याकडे संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात मूव्हमेंट थेरपिस्टच्या कंसात रिक्रिएशनल थेरपिस्ट हे नाव आहे. तेव्हा व्यवसाय कागदावर आलाय, पण त्या भरवशावर अमेरिकेची स्वप्नं रंगवू नका.

आता पहिला प्रश्न. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रात इंटर्न होते. कर्वेनगरहून दोन बस बदलून जायचे, मानधन शून्य. (पुढे ज्या आजी-आजोबांचं सांगते, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या आठवड्यात मीही तुमच्या घरच्यांसारखंच समजत होते. फुगे, हाउजी, गाण्याच्या भेंड्या अशी तयारी करून गेले. एका आजींसाठी राजमा आणि काबुली चणे एकत्र करून ताटात दिले, वेगळे करायला. हाताची हालचाल होते, लक्ष टिकतं, असं वाचलं होतं. आजींनी अर्ध्या तासात लख्ख निवडून दिले. मी "वा, मस्त!" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी लागतील म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही वाट्या परत एकाच डब्यात ओतल्या.

आजी उठल्याच. "मला येडी समजते का गं?" त्यानंतर चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काल काय झालं ते त्यांना आठवत नसे, पण माझ्याबद्दलचा राग कुठेतरी शिल्लक होता. डिमेन्शियात असं होतं, प्रसंग पुसला जातो आणि त्याची भावना मागे राहते. पुस्तकात हे वाचून मी परीक्षेत लिहिलंही होतं.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मावशींकडून मेथीच्या दोन जुड्या मागून घेतल्या आणि आजींसमोर ठेवल्या. "मावशींना उशीर झालाय, जेवणाला भाजी करायचीय." आजींनी काही न बोलता जुडी सोडली. दुपारी पानात मेथी आली तेव्हा शेजारच्या आजोबांना म्हणाल्या, "देठं ठेवली नाहीत हो मी."

इंटर्नशिपमध्ये मी शिकले ते एवढंच. माणसाला उद्योग द्यायचा म्हणजे वेळ घालवायचं साधन द्यायचं नाही. त्या कामाचं पुढे काहीतरी व्हायला हवं, आणि ते काम त्या माणसाच्या आयुष्यातलं हवं. म्हणून खेळ निवडायच्या आधी विचारपूस. घरच्यांना "छंद काय?" असं विचारलंत तर "काही नाही, टीव्ही बघायचे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: सकाळी उठून पहिलं काय करायचे? नोकरीत हातात काय असायचं? एका आजोबांच्या मुलाने सहज सांगितलं, बाबा एसटीत कंडक्टर होते. मी जुन्या बाजारातून तिकिटांना भोक पाडायचा पंच मिळवला आणि पुठ्ठ्याची तिकिटं कापून दिली. जे आजोबा गटात दोन मिनिटं बसत नसत, ते खुर्च्यांच्या ओळीतून पंच टकटक वाजवत फिरू लागले. "सुट्टे द्या, सुट्टे." हाताला बसलेली सवय नावा-तारखांपेक्षा उशिरा जाते, त्याचा हा फायदा.

पण नुसता किस्सा मॅडमना चालत नाही. कामाचे चार टप्पे असतात: तपासणी, आखणी, प्रत्यक्ष उपक्रम आणि मूल्यमापन. यात आखणी लिहिताना माझा सगळ्यात जास्त घाम निघाला. "मन रमावं" हे उद्दिष्ट म्हणून लिहिलं तर मॅडम लाल शाईने खोडायच्या. "चार आठवड्यांनी, आठवड्यातून तीन वेळा, गटात १५ मिनिटं बसतील आणि एका तरी व्यक्तीशी स्वतःहून बोलतील" असं लिहावं लागतं, म्हणजे झालं की नाही ते मोजता येतं. रोजची नोंद त्याच दिवशी करा. आनंदी, उदास असले शब्द लिहू नका. किती वेळ बसले, काय बोलले, कधी उठले, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं होतं का, ते लिहा. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण भेंड्यांत "सहभाग नाही" असं मी ज्यांच्यापुढे तीनदा लिहिलं, त्या आजींच्या यंत्राचा सेल संपलेला होता.

वेळही बघा. संध्याकाळी बऱ्याच जणांची अस्वस्थता वाढते, त्याला सनडाउनिंग म्हणतात. आमचा गट पाच वाजता असायचा. जुलैत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि दोन आजोबा घरी जायचं म्हणून दाराशी जाऊन उभे राहू लागले. गट सकाळी साडेदहाला घेतल्यावर निम्मी कटकट मिटली. पथकवाल्यांशी भांडून पुण्यात कोणाचं भलं झालंय!

फोटो काढून स्टेटसला टाकू नका, चेहरा झाकूनसुद्धा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि कायदा नसता तरी एखाद्या आजींच्या सुनेला ते फोटो तुमच्या स्टेटसवर दिसायला नकोत.

निघायची तयारी दोन आठवडे आधी सुरू करा. आजी-आजोबांना "अजून सहा दिवस आहे मी" असं रोज सांगायचं, मग ते विसरोत. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येकासाठी काय चालतं ते एकेका पानावर मावशींना समजेल अशा मराठीत लिहून त्यांच्या हातात द्या, कारण तुम्ही गेल्यावर ते त्याच करणार आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यात "प्रोसिजरल मेमरी" (हाताला बसलेल्या सवयीचं पुस्तकी नाव) होतं. मावशींनी वाचून विचारलं, "म्हंजे पंच द्यायचा का नाय द्यायचा?" मी ते पान पुन्हा लिहिलं.

आणि तासांच्या तक्त्यावर दर शनिवारी सही घ्या. मी ढीग साठवला, मॅडम रजेवर गेल्या आणि शेवटच्या दोन आठवड्यांच्या सह्या मिळेपर्यंत दिवाळी उलटली.