काळ्या जमिनीत कुंपणाचे खड्डे पाडायला हातगिरमिट बनवून घेतलं, पण ते आत अडकतं. डिझाइनमध्ये काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: इंजिनवाल्या मशीनचं पातं बघून वेल्डरने एक इंची पाइपाला सहा इंची स्क्रू जोडून दिला. पहिली वीतभर माती मस्त कापली जाते, फूटभर आत गेलं की दोघांनी ओढूनही निघत नाही. यात वेल्डिंगचा दोष नाही, धारेचाही नाही. नक्कल चुकीच्या वस्तूची झाली आहे.

मशीनचा स्क्रू वेगाने फिरतो. त्या वेगाने माती बाहेरच्या बाजूला फेकली जाते, खड्ड्याच्या भिंतीला घासून अडते आणि पात्यावरून वर सरकत जाते. हाताने तुम्ही मिनिटाला वीस-तीस फेरे देणार. तेवढ्यात माती वर चढत नाही, जिथे कापली तिथेच पात्यांच्या मध्ये दाबून बसते. मग वर ओढायचा असतो तो स्क्रू नव्हे, मातीचा अख्खा दट्ट्या. हिशोब करून बघा. सहा इंच व्यासाच्या खड्ड्याचा घेर साधारण 47 सेंमी. 30 सेंमी खोलीला भिंतीला टेकलेलं क्षेत्र 1400 चौरस सेंमीच्या वर जातं. ओल्या काळ्या मातीचा चिकटपणा चौरस सेंटीमीटरला फक्त 100 ग्रॅम धरला तरी 140 किलो झाले. शिवाय तळाशी हवा शिरत नाही. तळाचं क्षेत्र 177 चौरस सेंमी, तिथे पाव निर्वात पोकळी जरी झाली तरी आणखी 44 किलोची ओढ. मातीचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही.

म्हणून हाताच्या गिरमिटात माती कापण्यापेक्षा ती उचलून बाहेर कशी काढायची, याचा विचार आधी. काळ्या चिकण जमिनीसाठी दोन पात्यांचं, बाजूंनी उघडं, बादलीसारखं गिरमिट बनवा. चिकण माती स्वतःच्या चिकटपणाने धरून राहते, तिला बंद डबा लागत नाही. उलट डबा बंद असला तर माती त्यातून निघत नाही आणि प्रत्येक फेरीला काठीने कोरत बसावं लागतं. (वाळूचं उलट: ती गळते, तिथे पाती रुंद आणि बाजू जवळजवळ बंद हव्यात. एकच गिरमिट दोन्हीकडे चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.)

आधी व्यास ठरवा. तुमचे खांब सिमेंटचे 4 बाय 4 इंच असतील तर त्यांचा कर्णच साडेपाच इंचांच्या वर आहे. सहा इंची खड्ड्यात ते कसेबसे उतरतील, पण भोवती काँक्रीट भरायला किंवा ठासायला जागा उरणार नाही. त्यांना आठ इंची हवं. 40 मिमी अँगल उभे करणार असाल तर सहा इंची पुरे. विनाकारण मोठं करू नका: 10 सेंमी खोलीला सहा इंचात पावणेदोन लिटर माती निघते, आठ इंचात सव्वातीन, बारा इंचात सात लिटर. बारा इंची हातगिरमिट कागदावरच बरं.

सहा इंचासाठी भंगारातला पाच इंची पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास 140 मिमीच्या आसपास असतो. 20 सेंमीचा तुकडा कापा आणि समोरासमोर दोन खिडक्या पाडा, प्रत्येकी घेराच्या साधारण पाव भागाइतकी, म्हणजे 11 सेंमी रुंद. वर-खाली 2-2 सेंमीची कडी शाबूत ठेवा. वरच्या कड्यावर 32 बाय 6 मिमीची लोखंडी पट्टी कमानीसारखी वाकवून जोडा आणि दांड्याचा पाइप त्या कमानीवरच संपवा. दांडा बादलीतून तळापर्यंत नेऊ नका, नाहीतर मातीचा गोळा त्याला धरून बसेल.

तळाची दोन पाती हा सगळ्यात नाजूक भाग, आणि गावात बनवलेली बहुतेक गिरमिटं इथेच बिघडतात. प्रत्येक पातं 5 मिमी पत्र्याचं, वर्तुळाचा साधारण एक तृतीयांश (120 अंश) भाग. दोन पाती समोरासमोर, त्यांच्यामध्ये दोन बाजूंना 60 अंशांच्या फटी, तिथून माती आत शिरते. पात्याची मागची कड पुढच्या धारेपेक्षा 30 मिमी वर असली पाहिजे. ही चढण दिली नाही तर पात्याचं पोट जमिनीवर घासतं. धार कितीही लावा, गिरमिट जागच्या जागी फिरतं आणि लोक वरून आणखी जोर देत राहतात. 30 मिमीपेक्षा बरीच जास्त चढण दिली तर घास मोठा बसतो आणि हाताने फिरवणं अशक्य होतं. याच कारणासाठी धार वरच्या अंगाने लावा, साधारण 30 अंशांची. खालून घासली तर दिलेली चढण तुम्हीच मारून टाकता.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे बाहेरची मोकळीक. धारेचं बाहेरचं टोक बादलीच्या अंगापेक्षा प्रत्येक बाजूला 5 मिमी बाहेर हवं, म्हणजे कापण्याचा व्यास 150 आणि अंगाचा 140. या फटीतून हवा तळाशी पोचते. वर्षभर वापरून ही टोकं झिजली की गिरमिट पुन्हा अडकायला लागतं, आणि दोष जमिनीला दिला जातो.

साध्या पत्र्याची धार मुरुमात एका दिवसात जाते. म्हणून धारेची पट्टी वेगळी करा: टेंपोच्या जुन्या पाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) 25 मिमी रुंद पट्टी, प्रत्येक पात्याला दोन 8 मिमी बोल्टांनी आवळलेली, बोल्टांची डोकी खालच्या अंगाला सपाट बसवलेली. वेल्डर म्हणेल सरळ वेल्ड करतो. नको. पाट्याचं पोलाद साध्या रॉडने थंडच वेल्ड केलं तर जोडाशेजारी चीर पडते आणि पहिल्या दगडाला तुकडा उडतो. भोकं पाडायला पट्टी आधी लाल करून राखेत सावकाश थंड करा, म्हणजे ड्रिल चालतं. मग पुन्हा लाल करा, चुंबक चिकटेनासा झाला की जळक्या ऑइलमध्ये बुडवा. नंतर घासून चकचकीत करा आणि मंद आचेवर निळसर रंग येईपर्यंत तापवा. हा शेवटचा टप्पा गाळला तर धार काचेसारखी तडकते.

दोन्ही पात्यांच्या मधोमध माती कापली जात नाही, तिथे टोक लागतं. माशाच्या शेपटीसारखं, 25 मिमी रुंद आणि 30 मिमी पुढे आलेलं पुरे. स्क्रूचं टोक दिसायला छान, पण मुळात आणि खड्यात गुंततं.

दांड्याला एक इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइपच घ्या. दोन हातांनी 60 सेंमी मुठीवर माणूस 15 किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ देतो, आणि मूळ आडवं आलं की झटक्यात तो दुप्पट होतो. एक इंची पाइप ते सहज सोसतो, पाऊण इंची त्याच झटक्यात कायमचा पिळू शकतो. दोन फूट खड्ड्यासाठी एकूण उंची साडेचार फूट ठेवा, म्हणजे सुरुवातीला मूठ खांद्याच्या आसपास आणि शेवटी मांडीजवळ राहते. मूठ टोकाला टोक लावून वेल्ड करू नका. दांड्याच्या डोक्यावर सव्वा इंची पाइपाचा 6 सेंमी तुकडा आडवा जोडा, कोपऱ्यांत दोन त्रिकोणी पट्ट्या द्या आणि त्यातून एक इंची मूठ आरपार सरकवा. पुढे दांडा लांबवायचा असेल तर आट्यांचं सॉकेट टाळा. पाइप आटे पाडलेल्या जागीच मोडतो, आणि उलटं फिरवलं की जोड सुटून बादली खाली राहते. त्यापेक्षा बाहेरून नळी घालून आरपार 10 मिमी बोल्ट बरा.

वापरताना: जमीन वाफशावर असताना काम करा. भेगाळलेल्या कोरड्या काळीत धार नुसती सरकते, तिथे आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी वीतभर खोल उकरून घमेलंभर पाणी मुरू द्या. काम चालू असताना पाणी ओतू नका, गारा होऊन चिकटपणा वाढतो. चार-पाच फेरे, बादली दोन तृतीयांश भरली की थांबा, अर्धा फेरा उलटा द्या, आणि फिरवत फिरवतच वर घ्या. सरळ ओढलं तर कंबर जाते. सहा इंची खड्डा दोन फूट न्यायला पाच-सहा वेळा वर काढावं लागेल. पूर्ण भरून तीनदा काढण्यापेक्षा हे लवकर होतं, कारण दाबलेली माती सोडवण्यातच वेळ जातो. खडा लागला की गिरमिट बाहेर, पहार आत. पात्याने दगड उचकटायला गेलात तर ती 30 मिमीची चढण वाकडी होते. जांभ्यात आणि पक्क्या मुरुमात हे चालणारच नाही, तिथे पहार किंवा मशीन.

हातातला स्क्रू टाकून देऊ नका. एकच वेटोळं ठेवून बाकीची कापा, पोयट्याच्या मऊ जमिनीत रोपांसाठी बरा चालेल. नवीन वेटोळं कापायची वेळ आली तर 150 मिमी चकतीला पाइपाएवढं 34 चं भोक पाडू नका, चिरून वेटोळ्यासारखी ओढल्यावर ती पाइपावर आवळते. 100 मिमी आट्यासाठी (एका वेटोळ्याची चढण) चकती 167 मिमी आणि भोक 50 मिमी लागतं, ओढल्यावर दोन्ही आपोआप आक्रसून 150 आणि 34 वर येतात.