रुमाल वाटून घेऊ नका

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेले मोडी कागद सापडले. आम्ही तीन भाऊ. शेतीचे एकाने, कोर्टाचे दुसऱ्याने, पत्रे तिसऱ्याने घ्यावीत असे ठरतेय. चालेल का? (कागल)

कृपा करून तसे करू नका. कापडात बांधलेल्या अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि त्यात कुठल्या कागदाशेजारी कुठला कागद आहे, यालाही अर्थ असतो. गहाणखताला लागूनच लग्नखर्चाची याद निघाली, तर जमीन कशापायी अडकली असावी याचा धागा मिळतो. दोन कागद दोन घरी गेले की तो तुटला.

गठ्ठा स्वच्छ चादरीवर सोडा. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आकडे घाला. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि तिन्ही भावांनी एकेक संच ठेवा. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. जुन्या लाल कापडाचा रंग ओलाव्याने उतरतो, म्हणून धुऊन वाळवलेल्या मांजरपाटात बांधा.

मूळ कागद घरी जपणे जमत नसेल, तर कोल्हापुरात शासनाचे पुराभिलेखागार आहे. करवीर संस्थानचे दप्तर तिथेच आहे. तिथे विचारा, पण देताना यादीसह लेखी पोच घ्या आणि कागद कोणाला पाहता येतील हे त्यात नमूद करून घ्या. जमिनीचा वाद चालू असेल, तर त्याला लागणारे मूळ कागद तूर्त स्वतःकडेच असू द्या.

प्रश्न : जीर्ण सनद लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावू का? (मंगळवार पेठ)

नको. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा सुखरूप सुटत नाही. सेलोटेपही लावू नका. फ्रेममध्ये रंगीत झेरॉक्स लावा, सनद अंधारात सपाट ठेवा.

प्रश्न : काही वर्षांनी हेळवी बैल घेऊन दारात येतात आणि आमची वंशावळ वाचतात. ती खरी धरावी का? (गडहिंग्लज)

मनापासून ऐका, ध्वनिमुद्रणाची परवानगी मागा, त्यांची दक्षिणा द्या. इतक्या पिढ्यांची नावे आपल्या भागात दुसरे कोण सांभाळते? मग एकेक नाव ताडून पाहा : गावच्या कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जुने रजिस्टर, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या.

खरा गोंधळ सालांत होतो. जुन्या कागदांत शके, फसली, सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना येतात. इसवी सन काढायला शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, सुहूर असेल तर 599. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. सुहूर साल मोडी कागदात अरबी शब्दांत येते. ‘खमस मयातैन व अलफ’ म्हणजे पाच, दोनशे आणि हजार, 1205. इसवी सन 1804-05.

लेकी-सुनांची नावे मात्र बहुतेक वंशावळींत नसतात. ती आज्या, आत्यांना विचारून, त्यांच्या माहेरच्या गावासह याच आठवड्यात लिहून काढा. हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : 2019 च्या पुरात भिजलेल्या वह्या उन्हात वाळवल्या, पाने चिकटली. पुन्हा पाणी आले तर? (शिरोळ)

चिकटलेली पाने ओढू नका, जाणकाराला दाखवा. पुन्हा भिजल्या तर ऊन नको, सावलीत पंख्याखाली ठेवा. सहज उलगडतील तेवढ्याच पानांत कोरे टीपकागद घाला आणि ते ओले झाले की बदला. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी सुरुवात करा. काजळाच्या शाईवर ओले असताना बोटही फिरवू नका, अक्षर फासले जाते. आणि पावसाळ्याआधी ट्रंक वरच्या मजल्यावर न्या.