पहिले चारशे फूट

चि. सहवैमानिकास,
अनेक आशीर्वाद.

ए-३२० या दोन इंजिनांच्या विमानाच्या सिम्युलेटर परीक्षेत व्ही-वननंतर, म्हणजे उड्डाण रद्द करता येत नाही त्या वेगानंतर, एक इंजिन बंद पडणार, हे तुला आधीच माहीत आहे. म्हणूनच तुझे हात शिवशिवतील. हे पत्र त्या हातांबद्दल आहे.

इंजिन गेलं की नाक त्याच बाजूला ओढलं जातं. चाकं धावपट्टीवर असेपर्यंत नजर बाहेर, मधल्या रेषेवर ठेव आणि रेषा सरकायची थांबेल इतकाच रडर, म्हणजे पायाने फिरवायचं शेपटीचं सुकाणू, दे. ती स्थिर झाल्याशिवाय नाक उचलायची घाई नको. घाईत उचललं की विमान तिरकं हवेत जातं आणि मग माणूस साइडस्टिकने, हातातल्या दांडीने, पंख सावरायला जातो. साइडस्टिक बाजूला जास्त झुकवली की त्या पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे वरच्या बाजूच्या पट्ट्या, उठतात, हवेचा रोध वाढतो आणि उरलेल्या एका इंजिनाची ताकद त्यात खर्ची पडते. सावरायचं ते पायाने. नाक साडेबारा अंशांवर, मग एसआरएस, म्हणजे पडद्यावरचा चढाईचा मार्गदर्शक, सांगेल तसं. विमान किती तिरकं सरकतंय ते दाखवणारी पडद्यावरची बीटाची निळी खूण रडरने मध्यावर आण. विमान चढतंय याची खात्री झाली की चाकं वर; गोंधळात ती खालीच राहून जातात. टोगा, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद, लावलास तर विमान आणखी वळू पाहील, तेव्हा पायही त्याच क्षणी वाढव.

यापुढे जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत धोक्याची घंटा बंद करण्यापलीकडे काहीही करायचं नाही. हा वेळ फार लांब वाटतो. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर, चाकं वर घेतल्यावर, किमान २.४ टक्के चढ देता आला पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. १५० नॉट वेगाला हा चढ मिनिटाला साधारण ३६५ फूट होतो. म्हणजे वजन जास्तीत जास्त असेल तर ४०० फूट गाठायला मिनिटाहून अधिक लागू शकतं. तेवढा वेळ विमान उडवत राहणं हेच काम. ते उडायला समर्थ आहे.

हे का सांगतो? ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर-७२ चं उजवं इंजिन आपोआप फेदर झालं, म्हणजे त्याचा पंखा ओढायचा थांबला. कप्तानाने काही सेकंदांतच डाव्या, चांगल्या इंजिनाचा लिव्हर, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेतला. सहवैमानिकाने थांबून पडताळायला सुचवलं होतं. विमान कीलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले. त्या सहवैमानिकाच्या खुर्चीत उद्या तू असशील. नुसतं सुचवू नकोस, स्पष्ट म्हण: "थांबा, डावं चालू आहे."

४०० फुटांवर इकॅम, म्हणजे बिघाड आणि त्यावरची कामं दाखवणारा पडदा, वाचायला सुरू. ज्या पायाला दाब द्यावा लागत नाही, त्याच बाजूचं इंजिन गेलेलं असतं. पण एवढ्यावर विसंबू नकोस. एन-वन, एन-टू (इंजिनाच्या फिरत्या भागांचे वेग) आणि ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) दोघांनी मिळून वाचा. लिव्हर, इंजिन बंद करणारा मास्टर स्विच आणि आगीच्या वेळचं फायर पुशबटन या तिन्हींना हात लावण्याआधी नाव घेऊन विचारायचं, दुसऱ्याचं "कन्फर्म्ड" कानावर येईपर्यंत बोट थांबवायचं.

आग असेल तर लिव्हर आयडलला (किमान ताकदीवर), मास्टर बंद, फायर पुशबटन, आणि मग दहा सेकंद थांबून आग विझवणाऱ्या द्रव्याची पहिली बाटली. हे दहा सेकंद अनेकांना जड जातात. पण तेवढ्यात पंख्याचा वेग उतरतो, इंजिनाच्या आवरणातून वाहणारी हवा कमी होते आणि ते द्रव्य टिकून काम करतं. त्यानंतर ३० सेकंदांनीही इशारा कायम असेल तर दुसरी बाटली.

इंजिन सुरक्षित झालं की इकॅम थांबव. आधी वेग वाढवून फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आत घे. नुसतं विझलेलं इंजिन मास्टर बंद केल्यावर सुरक्षित. मोडतोड झालेली असेल तर पहिली बाटली सोडल्यावर. एका इंजिनावर टोगाची मर्यादा दहा मिनिटांची आहे, तेव्हा घड्याळ लाव. ग्रीन डॉट, म्हणजे फ्लॅप आत असताना एका इंजिनावर उडायचा वेग, गाठल्यावर कमाल अखंड थ्रस्टवर, म्हणजे सतत वापरता येईल अशा कमाल ताकदीवर, ये.

मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्यायला उशीर झाला तरी चालेल, पण दे. केबिन कर्मचाऱ्यांना एवढं सांग: काय झालं, काय करणार, किती वेळ आहे आणि खास सूचना. त्यांचंही ऐक. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या ७३७ मध्ये वैमानिकांनी चांगलं इंजिन बंद केलं. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ठिणग्या केबिनमध्ये काहींनी पाहिल्या होत्या, पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत गेली नाही. ४७ जण दगावले.

ए-३२० ला हवेत इंधन सोडायची सोय नसते. आग विझत नसेल तर जास्त वजनातच उतरायचं, टेकताना उतरण्याचा वेग मिनिटाला ३६० फुटांच्या आत ठेवायचा. तपासणी नंतर अभियंते करतील. आग नसेल तर पुरेसा वेळ घेऊन तपासणीच्या याद्या पूर्ण कर. उतरल्यावर सवयीने टॅक्सीवेकडे वळू नकोस. धावपट्टीवरच थांब, पार्किंग ब्रेक लाव, केबिन कर्मचाऱ्यांना सज्ज राहायला सांगणारं "अटेन्शन क्रू ॲट स्टेशन्स" म्हण आणि अग्निशमन दल बाहेरून काय पाहतंय ते आधी विचार.